एकतीस घरांचा प्रश्न

केरू पगारेंच्या टाइपरायटरवरचा ‘ख’ झिजला होता. बाकी सगळी अक्षरं ठसठशीत उमटायची, हा एकटाच फिकट. कारण साधं होतं. ऐंशी सालापासून पुढची चार-पाच वर्षं त्या यंत्रावर एकच वाक्य हजारदा तरी उतरलं असेल: ‘हे खरे आहे काय?’

नाशकात सीबीएस बसस्टँडच्या बाजूला, कलेक्टर कचेरीच्या कुंपणाला लागून एक कडुनिंब होता. त्याच्या सावलीत अर्ज टाइप करून देणाऱ्यांची रांग बसायची. केरू पगारे त्या रांगेत तिसरे. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, आणि नाकावर राग. अर्जात ‘मायबाप सरकार’ लिहायचं असेल तर गिऱ्हाईकाला ते सरळ चौथ्याकडे पाठवायचे. ‘पदर पसरतो’, ‘पाया पडतो’ हे शब्द त्यांच्या यंत्रावर कधी उमटले नाहीत. म्हणायचे, “हक्काचं मागताय ना? मग ताठ बसा आणि नाव सांगा.” माणसं आधी बिचकायची, मग खरंच ताठ बसायची.

हा ताठपणा ते गावाकडून घेऊन आले होते. इगतपुरीच्या अंगाला धारगव्हाण म्हणून गाव आहे. गाव ओहळाच्या अलीकडे आणि पगारेंची एकतीस घरं पलीकडे. ओहळाचं नाव वाघओहळ. उन्हाळ्यात त्यात पोरं गोट्या खेळतात, आणि आषाढ लागला की तोच ओहळ तीन-तीन दिवस माणसाला पाय टाकू देत नाही. छप्पन साली केरूंच्या वडिलांनी दीक्षा घेतली आणि एकतीसही घरांनी जुनं, जातीचं नाव टाकलं. वस्तीचं नाव बौद्धवाडी ठेवलं. गावाला ते झोंबलं. वर्षभर कुणी मळ्यात कामाला बोलावलं नाही, विहिरीवर भरू दिलं नाही. वस्ती ओहळात झिरे खणून पाणी प्यायली, पण नाव खाली ठेवलं नाही. ते जुनं नाव केरू पगारेंनी पुन्हा कधी उच्चारलं नाही, म्हणून इथंही ते लिहिलेलं नाही.

थोरला भाऊ बुधा रेल्वेत गँगमन होता. त्यानंच केरूला नाशकात बोर्डिंगात घातलं, टायपिंगच्या क्लासला पाठवलं. त्र्याहत्तर सालच्या श्रावणात बुधाच्या पोटात कळ आली. इगतपुरीच्या दवाखान्यात न्यायला गावाकडच्या काठावर ट्रक येऊन उभा राहिला. वस्तीकडच्या काठावर खाट, खाटेवर बुधा, वर इरलं धरून त्यांची आई धोंडाबाई. दीड दिवस ट्रक दिसत होता आणि दीड दिवस पाणी उतरत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी बुधा गेला. ट्रकवाला भला माणूस, तो तोवर थांबला होता. केरूंना नाशकात तार मिळाली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

तेव्हापासून वस्तीचं एकच मागणं होतं. ओहळावर साकव द्या, माणूस चालत जाईल एवढा. सहा वर्षं अर्ज गेले. एकोणऐंशी साली साकव मंजूर झाला, ऐंशी साली बांधूनही झाला. फक्त तो वस्तीच्या वाटेवर नव्हता. अर्धा मैल वर, गावातल्या एका वजनदार माणसाच्या भातखाचराकडे जाणारा होता. खात्याच्या कागदावर काम पूर्ण, फोटोसह पूर्ण.

त्याच साली निवृत्ती थेटे आमदार झाले. पंचवटीच्या पलीकडे त्यांचा मेथी-कोथिंबिरीचा मळा. विरोधी बाकावरचा माणूस, आवाज खणखणीत, पण अक्षर असं की स्वतःलाच लागायचं नाही. म्हणून विधानसभेत विचारायचे प्रश्न टाइप करून घ्यायला ते कडुनिंबाखाली आले.

पहिलाच कागद वाचून केरूंनी खाली ठेवला.

“अण्णा, हे काय लिहिलंय? ‘या झोपलेल्या खात्याला लाज वाटते काय?’”

“मग? वाटायला नको?”

“वाटायला पाहिजे. पण हा प्रश्न विधिमंडळाच्या सचिवालयातूनच परत येईल. आणि समजा गेला, तर खातं लिहील, ‘नाही.’ झालं, सुटलं खातं. शिवी दिली की ते सुटतं अण्णा. तारीख दिली की अडकतं.”

थेटे हसले नाहीत. त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले. त्या दिवसापासून ही जोडी जमली.

प्रश्न दोन जातींचे, हे केरूंनी थेट्यांना शिकवलं की थेट्यांनी केरूंना, यावर दोघांचा शेवटपर्यंत वाद होता. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात उठून तोंडी उत्तर देतात, वर उपप्रश्न होतात, बाकं वाजतात, दुसऱ्या दिवशी पेपरात नाव येतं. अतारांकिताला यातलं काही नाही. त्याचं उत्तर लेखी येतं, यादीत छापलं जातं. थेट्यांना तारांकित प्यारा. केरूंचा जीव अतारांकितावर. “बोललेलं उद्या फिरवता येतं,” ते म्हणायचे. “छापलेलं कुठं नेणार?”

प्रश्नाचा एक साचा असतो. अमुक हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने काय कार्यवाही केली. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? केरूंनी त्यातली मेख चार-सहा उत्तरं वाचूनच ओळखली. प्रश्नात दहा गोष्टी खऱ्या आणि अकरावी तारीख एका दिवसानं चुकलेली असेल, तर खातं ती एक पकडून लिहितं, ‘हे खरे नाही.’ आणि पहिलंच खरं नाही म्हटल्यावर पुढच्या सगळ्याला एकच ठेवणीतलं वाक्य, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ पेठ तालुक्यात दवाखान्याला डॉक्टर नाही? प्रश्न उद्भवत नाही. शाळेचं छप्पर उडालं? प्रश्न उद्भवत नाही. म्हणून केरूंचा नियम कडक होता. खात्याच्या दप्तरात जे नाव, जो आकडा, जी तारीख असेल, तीच प्रश्नात घालायची. खात्याला बाहेर पडायला फटसुद्धा ठेवायची नाही.

आणि कागदाचा वचक पाहायला त्यांना मुंबईला जावं लागत नव्हतं. प्रश्न मंजूर होऊन माहितीसाठी खाली आला की कचेरीत नुसती कुजबूज व्हायची, “एलएक्यू आलाय.” विधानसभेच्या प्रश्नाचं हे कचेरीतलं नाव ऐकलं की चहाला गेलेले परत यायचे, रजेवरच्यांना निरोप जायचे, दोन वर्षं न सापडलेली फाइल अर्ध्या तासात सापडायची. एरवी केरूंकडे मान वर करून न बघणारे कारकून कुंपणाशी येऊन हळूच विचारायचे, “पगारे, यात आमच्या टेबलाचं काही नाही ना?” केरूंना याचा आनंद व्हायचा, आणि तो ते लपवायचे नाहीत.

एक्याऐंशीच्या पावसाळी अधिवेशनाला केरूंनी स्वतःचा प्रश्न टाइप केला, थेट्यांच्या सहीनं. इगतपुरी तालुक्यातील मौजे धारगव्हाण येथील बौद्धवाडीसाठी मंजूर झालेला साकव बौद्धवाडीच्या वाटेवर न बांधता अन्यत्र बांधण्यात आला, हे खरे आहे काय? चार वेळा वाचला, तारखा तपासल्या, अंतर पुन्हा मोजून आणवलं. कुठं फट नव्हती.

उत्तर छापून आलं ते असं:

‘(१) हे खरे नाही. मौजे धारगव्हाण येथे बौद्धवाडी या नावाची वस्ती अस्तित्वात नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.’

केरूंनी ते दोनदा वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. मंजुरीच्या कागदावर वस्तीचं जुनं नाव होतं. जनगणनेत, गावठाणाच्या नकाशात, सगळीकडे तेच. दप्तरातलंच नाव घालायचं हा नियम ज्यानं दुनियेला शिकवला, त्याच्या हातून तो घरच्याच प्रश्नात मोडला होता. आणि गंमत अशी की मोडताना त्यांना कळलंसुद्धा नव्हतं. बारा वर्षांचे असताना टाकलेला तो शब्द त्यांच्या डोक्यात उरलेलाच नव्हता.

थेटे म्हणाले, “सोपं आहे. पुढच्या खेपेला जुनं नाव घाल. कंसात घाल हवं तर. सहा महिन्यांत खात्याला कबूल करावं लागेल.”

“नाही.”

“अरे केरू, एका शब्दाचा तर प्रश्न. साकव महत्त्वाचा का नाव?”

“अण्णा, दुसरं काहीही सांगा.”

थेटे चिडले. “पाण्यात उद्या कुणी गेलं तर नाव घेऊन बसशील का?”

केरूंनी यंत्रावर झाकण टाकलं. ते शनिवारी गावी गेले आणि वस्तीला सगळं सांगितलं. माणसं समाजमंदिरापुढं बसली. निम्मी म्हणाली, घाला ते नाव, आधी पूल पदरात पाडून घ्या. निम्मी म्हणाली, मुळीच नाही. बोलाचाली वाढली तशी धोंडाबाई उठल्या. सगळे त्यांच्याकडे वळले. बुधाच्या खाटेशी दीड दिवस त्याच बसल्या होत्या.

“ते नाव टाकलं तवा गावानं पाणी तोडलं,” त्या म्हणाल्या. “काम तोडलं. पोटाला फडकं बांधून मी पोरं वाढिवली, पर नाव नाय घेतलं. आता पुलापायी परत अंगावर घालू व्हय? माझा बुधा गेला तो बौद्धवाडीचा म्हनून गेला. त्याला परत त्या नावाचा करू नगा.” मग केरूंकडे वळून म्हणाल्या, “तुला एवढं टायपिंग शिकवलं ते कशापायी? दुसरी वाट काढ.”

दुसरी वाट सापडायला वर्ष गेलं, आणि त्या वर्षानं केरूंना सोलून काढलं. ब्याऐंशीच्या आषाढात वस्तीतल्या लताबाईला दिवस भरून कळा सुरू झाल्या. पुन्हा तीच खाट, तोच काठ, तेच पाणी. लताबाई ओहळाच्या काठावर, पावसात, चार बायकांनी धरलेल्या लुगड्यांच्या आडोशाला बाळंत झाली. दोघी वाचल्या, ती आणि मुलगी. पण निरोप घेऊन आलेल्या माणसाच्या तोंडून ‘काठावर खाट’ एवढं ऐकताच केरू ताडकन उभे राहिले. पुढचं ऐकेपर्यंत त्यांना दम निघेना.

त्या दुपारी त्यांनी यंत्रात कोरा कागद घातला. प्रश्न टाइप करत वस्तीच्या नावापर्यंत आले. जुन्या नावाचं पहिलं अक्षर उमटलं. ते एक अक्षर त्यांनी बराच वेळ पाहिलं. चौथ्या टेबलाचा भिका सोनार, जो ‘मायबाप’वाली सगळी गिऱ्हाइकं घ्यायचा, तो बाजूनं बघत होता. केरूंनी कागद खेचून काढला, त्याचे तुकडे केले आणि मोठ्यानं म्हणाले, “नाही लिहिणार. काय करायचं ते करा.” भिकाला वाटलं आपल्यालाच बोलले. तो दोन दिवस रुसला होता.

पावसाची उघडीप झाली तसे केरू गावी गेले. लताबाईची मुलगी बघायची होती. तिच्या दारात वाकून शिरताना चौकटीशेजारी भिंतीवर गेरूनं लिहिलेलं त्यांना दिसलं. हिवतापाची फवारणी करणारी माणसं घरोघर औषध मारून गेली की भिंतीवर तारीख आणि घराचा नंबर लिहून जायची. इथं तारखेखाली लिहिलं होतं, ‘बौ. वा. १४/३१’.

केरू तिथंच थबकले. शेजारच्या घरी गेले. ‘बौ. वा. १५/३१’. धावतच ते एकतीसही दारं फिरून आले. घरात मूल बघायला आलेला पाहुणा भिंती वाचत पळतोय म्हणून बायका हसायला लागल्या.

“आये, हे लिहिलं कुणी?”

“तो फवारनीवाला,” धोंडाबाई म्हणाल्या. “इचारलं, वस्तीचं नाव काय? म्या म्हनलं, बौद्धवाडी. त्यानं लिव्हलं.”

एवढंच. त्या साध्या माणसानं दप्तर बघितलं नव्हतं, राहणाऱ्यांना विचारलं होतं. आणि त्याचा तक्ता वर आरोग्याच्या खात्यात गेला होता.

हिवाळी अधिवेशनाला थेट्यांच्या सहीनं एक निरुपद्रवी प्रश्न गेला. आरोग्य खात्याला. मौजे धारगव्हाण येथील बौद्धवाडीत चालू वर्षी हिवताप प्रतिबंधक फवारणी करण्यात आली आहे काय. असल्यास, किती घरांवर. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

थेट्यांनी सही करण्याआधी कागद उलटसुलट केला. “फवारणीचं काय मध्येच? साकव सोडला की काय?”

“अण्णा, न केलेल्या कामाचं विचारलं की खातं गावच नाकारतं. केलेल्या कामाचं विचारून बघू. तिथं ते घरंसुद्धा मोजून देईल.”

थेट्यांनी पेन उघडलं. मग सही करताना त्यांना इतकं हसू फुटलं की शाई सांडली आणि केरूंना कागद पुन्हा टाइप करावा लागला.

उत्तर आलं, छापील:

‘(१) होय. (२) मौजे धारगव्हाण येथील बौद्धवाडीतील सर्व ३१ घरांवर. (३) प्रश्न उद्भवत नाही.’

आयुष्यात पहिल्यांदा ते शेवटचं वाक्य केरूंना गोड लागलं. त्यांनी सगळ्या रांगेला चहा सांगितला, भिकालासुद्धा.

पुढचा प्रश्न त्र्याऐंशीच्या अर्थसंकल्पी अधिवेशनाला गेला. आता फट खात्याची होती आणि पाचर केरूंच्या हातात. शासनाने आपल्या उत्तरात ज्या बौद्धवाडीतील ३१ घरांवर फवारणी केल्याचे सांगितले आहे, तीच बौद्धवाडी अस्तित्वात नसल्याचे शासनाने यापूर्वीच्या उत्तरात सांगितले आहे, हे खरे आहे काय. असल्यास, यापैकी कोणते उत्तर खरे आहे. आणि तेथील साकव अर्धा मैल दूर बांधला गेल्याबाबत कोणती कार्यवाही केली? दोन्ही उत्तरांचे क्रमांक, दोन्ही तारखा. मध्ये श्वास घ्यायला जागा नव्हती.

त्या महिन्यात कचेरीत जी पळापळ झाली, ती केरूंनी कडुनिंबाखाली बसून शेंगा खात पाहिली. एक हेडक्लार्क येऊन म्हणाला, “पगारे, मागं घ्यायला सांगा ना आमदारांना. आपसात मिटवू.” केरू म्हणाले, “आपसातच आहे की. सरकारचं सरकारशी भांडण आहे. मी मध्ये कोण?”

खात्याला शेवटी लिहावं लागलं: बौद्धवाडी अस्तित्वात आहे. साकवाबाबत ‘हे अंशतः खरे आहे’. नवीन साकवाचे काम पुढील पावसाळ्यापूर्वी पूर्ण करण्यात येईल. अंशतः! अर्धा मैल चुकलेला पूल म्हणे अंशतः चुकला. केरू त्या शब्दावर आठवडाभर धुसफुसत होते. पण साकव आला. चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात वाघओहळावर, वस्तीच्या ऐन वाटेवर, दगडी पायांवर उभा राहिला.

सुरू करायच्या दिवशी थेटे आले, खात्याचे उपअभियंता आले, गावही आलं. पुलाच्या तोंडाशी पत्र्याची पाटी लावली होती. तिच्यावर काळ्या रंगात, ठळक अक्षरात वस्तीचं जुनं नाव होतं.

केरूंनी पिशवीतून छापील उत्तर काढलं. ते पुढं होणार तोच थांबले, कारण धोंडाबाईंनी त्यांच्याकडे बघून विचारलं होतं, “काय लिव्हलंय रं?” त्यांना वाचता येत नव्हतं. केरूंनी पाटीकडे पाठ केली. त्या एवढ्यावरूनच समजल्या, आणि पुलाच्या कडेला दगडावर बसल्या.

“नाय जायची,” त्या म्हणाल्या. “पान्यातून जाईन, हिच्यावरून नाय.”

त्यांच्यामागं एकेक करत वस्ती बसली. लताबाई दोन वर्षांच्या मुलीला घेऊन बसली. तीन वर्षांपूर्वी ‘आधी पूल’ म्हणणारेही बसले. उपअभियंत्याला घाम फुटला. वाईट माणूस नव्हता तो. बदली होऊन नुकता आलेला. केरूंनी त्याच्या हातात छापील उत्तर ठेवलं. त्यानं वाचलं, मान हलवली आणि धोंडाबाईंपुढं उकिडवा बसला.

“आजी, तुमचं बरोबर आहे. पण मंजुरीचा कागद जुना आहे हो. त्यावर ते नाव आहे. मी पाटी बदलली तर वरून विचारतील, त्या नावाच्या वस्तीचा पूल कुठं गेला? ती वस्ती कुठं गेली? काय लिहू मी?”

तीन वर्षं प्रत्येक उत्तर केरूंनी आईला अक्षरन् अक्षर वाचून दाखवलं होतं. धोंडाबाईंनी कपाळावरचा पदर सारखा केला.

“लिव्हा ना सायेब,” त्या म्हणाल्या. “तसल्या नावाची वस्ती अस्तित्वात नाय. परश्न उद्भवत नाय.”

आधी थेटे हसले, मग वस्ती, मग गावातलीही काही माणसं. उपअभियंता हसला नाही. तो उठला आणि रंगाऱ्याला हाक मारली. रंगाऱ्यानं पाटी उतरवून पांढरी केली आणि त्यावर नवी चार अक्षरं काढली. ओल्या पाटीवर बोट टेकवत केरूंनी ती आईला एकेक करून वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावली. मग त्या उठल्या.

मधोमध आल्यावर त्या थांबल्या. खाली कोरड्या ओहळाच्या काठाकडे, खाट ठेवली होती त्या जागेकडे बघितलं.

“चल रं बुधा,” त्या म्हणाल्या, आणि पलीकडे गेल्या.